जुळलेलं समीकरण आणि अडकलेलं रिव्हॉल्व्हर

काळ्या दारूचं, म्हणजे जुन्या बंदुकीच्या दारूचं एक समीकरण तुम्ही नक्की पाहिलं असेल. पोटॅशियम नायट्रेटचे दोन रेणू, गंधकाचा एक अणू, कार्बनचे तीन अणू. यातून मिळतं पोटॅशियम सल्फाइड, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू. क्लासच्या नोट्समध्ये असतं, नेट-सेटच्या तयारीच्या पुस्तकांत असतं, इंटरनेटवर तर ढिगाने आहे. अणू मोजून बघा, दोन्ही बाजू चोख जुळतात. आजची पोस्ट या समीकरणाच्या विरोधात आहे. आणि माझा मुख्य साक्षीदार आहे १८५० च्या दशकातलं एक रिव्हॉल्व्हर.

आधी या साक्षीदाराची ओळख. आज आपण ज्याला रिव्हॉल्व्हर म्हणतो त्यात पितळी काडतूस जातं. सॅम्युअल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत पेटंट घेतलं तेव्हा असं काडतूस नव्हतं. त्याच्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये पाच-सहा घरं असत, आणि प्रत्येक घर म्हणजे एक छोटी ठासणीची बंदूकच. घरात समोरून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांड्याने ती दाबून आत बसवायची. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे दाबताना शिशाची एक बारीक कडी तासली जाऊन बाहेर पडते. ती कडी पडली की समजायचं, घर बंद झालं. मग गोळीवर चरबी फासायची. मागे प्रत्येक घराला एक निप्पल, त्यावर तांब्याची इवलीशी टोपी, कोकणात जिला केप म्हणतात. घोडा टोपीवर आपटतो, टोपीतली फुलमिनेट पेटते, ठिणगी दारूत जाते, बार होतो. कोल्टचं १८५१ चं नेव्ही मॉडेल, रेमिंग्टनचं १८५८ चं, इंग्लंडात ॲडम्स आणि नंतरचं ब्यूमाँट-ॲडम्स, ही सगळी याच जातीची. १८५७ च्या उठावात भारतातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला हीच असत.

नाशिककरांसाठी थोडं जवळ आणतो. ऑक्टोबर १८५७ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत अहमदनगरचा पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री मारला गेला. त्या दिवशी कुणाच्या हातात नेमकं कोणतं हत्यार होतं यात मी शिरत नाही. पण तोड्याची बंदूक असो, टोपीची असो की रिव्हॉल्व्हर, त्या काळात जगात जिथे जिथे बार उडत होता तिथे आत हीच काळी दारू होती. दुसरं टोक डिसेंबर १९०९ चं. नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून, आणि त्या पिस्तुलाची काडतुसं बिनधुराच्या दारूची. एकाच जिल्ह्यातल्या या दोन घटनांमधल्या ५२ वर्षांत काळ्या दारूचं युग संपलं. ते संपवण्यात ज्याचा हात होता, त्यानेच तिचा सगळ्यात कसून अभ्यासही केला होता. त्याच्याकडे येतोच.

आता साक्ष. जुनं टोपीचं रिव्हॉल्व्हर उडवणारे लोक आजही जगात बरेच आहेत. ठासणीच्या शस्त्रांच्या नेमबाजीची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ पासून आहे. तिच्या स्पर्धांत २५ मीटरवर अशा रिव्हॉल्व्हरचा एक प्रकार असतो, अर्ध्या तासात १३ बार, त्यातले उत्तम १० धरायचे. ही सगळी मंडळी एक गोष्ट एकमुखाने सांगतात. पहिले सहा बार झकास. दुसऱ्यांदा भरलं की सिलिंडर जड फिरतो. तिसऱ्यांदा घोडा मागे ओढायला दुसरा हात लावावा लागतो. मग तो अडकतो. सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतो त्यावर आणि नळीच्या तोंडाशी काळी, कडक खपली धरलेली असते. रेमिंग्टनचा दांडा बारीक, म्हणून ते लवकर अडकतं. कोल्टच्या जाड दांड्यावर चरबी धरून ठेवायला खाचा असतात, म्हणून ते थोडं जास्त टिकतं. तेवढाच काय तो फरक.

नेमबाज या खपलीला मळ म्हणतात. आणि इथेच आपल्यासारख्यांचे कान टवकारले पाहिजेत. मळ म्हणजे काय? बाहेरून आलेली घाण? बाहेरून तर काहीच आलं नाही. घरात दारू होती आणि शिसं होतं, वर थोडी चरबी. म्हणजे ही खपली मुख्यतः अभिक्रियेचं उत्पादन आहे. आणि उत्पादन असेल तर ते समीकरणात दिसायला हवं.

चला, हिशोब करू. दोन रेणू पोटॅशियम नायट्रेट म्हणजे २०२.२, गंधक ३२.१, कार्बन ३६. बेरीज २७०.३. उजवीकडे नायट्रोजन २८ आणि कार्बन डायऑक्साइड १३२, म्हणजे वायू १६०. उरलेलं ११०.३ पोटॅशियम सल्फाइड, ते स्थायू. टक्केवारीत वायू ५९, स्थायू ४१. आता घटकांची टक्केवारी बघा: सोरा ७४.८, कार्बन १३.३, गंधक ११.९. इंग्रजी दारूचं प्रमाण होतं सोरा ७५, कोळसा १५, गंधक १०. किती जवळ! हे समीकरण इतकं टिकून राहिलं त्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं. डावी बाजू खऱ्या दारूसारखी दिसते, दोन्ही बाजू जुळतात, आकडे लहान आहेत, फळ्यावर एका ओळीत मावतं. परीक्षेला याहून जास्त काय हवं?

फक्त उजवी बाजू मोजायची राहिली.

ती मोजली अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी. नोबल न्यूकॅसलजवळच्या आर्मस्ट्राँगच्या तोफांच्या कारखान्यातला, एबल वुलिचला युद्धखात्याचा रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा ‘फायर्ड गनपावडर’ हा प्रबंध १८७५ साली फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्समध्ये छापून आला. संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी चाळावा असं माझं मत आहे, तुमचा विषय दारूगोळा नसला तरी. (माझाही नाही.) जाड पोलादी भांड्यात दारू कोंडायची, विजेने पेटवायची, आणि काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. आतला दाब मोजायला नोबलने एक साधी युक्ती केली होती: तांब्याचा छोटा दंडगोल ठेवायचा, दाबाने तो किती चेपला ते नंतर मोजायचं. भांडं दारूने पूर्ण भरलेलं असेल तर दाब सुमारे ६४०० वातावरण. तापमान सुमारे २२०० अंश सेल्सिअस, आणि त्याची उलटतपासणी म्हणून आत प्लॅटिनमची तार. प्लॅटिनम वितळू लागल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे तापमान निदान त्याच्या वितळणबिंदूच्या आसपास पोचलं होतं हे नक्की. एकाच राशीला दोन वेगळ्या वाटांनी पोचायचं ही सवय तेव्हापासूनची आहे बरं का.

आणि उत्पादनं? वजनाने सुमारे ४३ टक्के वायू आणि ५७ टक्के स्थायू.

समीकरण म्हणतं ४१, भांडं म्हणतं ५७. हा फरक प्रयोगातल्या चुकीत खपवता येत नाही. सिलिंडरच्या भाषेत सांगायचं तर एका घरात दीड ग्रॅम दारू धरा. सहा घरांची मिळून ९ ग्रॅम. समीकरणाप्रमाणे तिच्यातून पावणेचार ग्रॅमच्या आत स्थायू, नोबल-एबल यांच्या मोजणीप्रमाणे पाच ग्रॅमच्या वर. यातला बराचसा भाग धूर होऊन बाहेर जातो. तो पांढरा धूर म्हणजे बारीक स्थायू कणच, म्हणून तर तो इतका दाट असतो. बाकीचा थंड पोलादावर बसतो. सिलिंडर अडकतो तो या बाकीमुळे.

शिवाय खपलीत नुसतं पोटॅशियम सल्फाइड नाहीच. सगळ्यात जास्त आहे पोटॅशियम कार्बोनेट, ज्याचं समीकरणात नावही नाही. मग पोटॅशियम सल्फेट, मग सल्फाइड आणि इतर. वायूंत कार्बन मोनॉक्साइडही आहे, त्याचाही समीकरणात पत्ता नाही. हे पटवून घ्यायला स्टीलचं भांडं लागत नाही. काळी दारू उडवणारे आपलं हत्यार तेलाने नाही, गरम साबणाच्या पाण्याने धुतात, कारण मळ पाण्यात विरघळतो. क्षार आहेत ते! पाणी पडलं की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो सल्फाइडचा. आणि साफ न करता हत्यार तसंच ठेवलं तर खपली हवेतली ओल ओढून चिकट होते, कारण पोटॅशियम कार्बोनेट ओल सोडत नाही. जून ते सप्टेंबर नाशिकच्या हवेत हे किती भराभर होईल त्याची कल्पना करा. तुमच्या लॅबमधली पोटॅशियम कार्बोनेटची बाटली पावसाळ्यात उघडी राहिली तर काय होतं, तेच. (गंज धरायला आणखी एक कारण असे. जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्यातून क्लोराइड उरतं. पण तो वेगळा विषय.)

म्हणजे नेमबाजांच्या अनुभवात उत्तर होतं. त्यांनी त्याला मळ म्हटलं आणि धुऊन टाकलं. पुस्तकांनी त्याचं नावच घेतलं नाही.

आता या प्रबंधाची थोडी चिकित्सा, कारण तो नुसता ओवाळण्यासारखा नाही. दोन गोष्टींसाठी मला तो फार आवडतो आणि एका गोष्टीसाठी तो मला डोळे उघडणारा वाटतो.

आवडणारी पहिली गोष्ट म्हणजे समीकरण द्यायला दिलेला नकार. इतकी मोजमापं हाताशी असताना एक सुबक समीकरण लिहून टाकणं किती सोपं होतं. त्यांनी लिहिलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की दारूचं प्रमाण, दाण्याचा आकार, दाब, यांप्रमाणे उत्पादनं इतकी बदलतात की कुठलंही एक समीकरण, ते कितीही गुंतागुंतीचं असलं तरी, वाचणाऱ्याचा गैरसमज करेल. अभिक्रिया आहे त्यापेक्षा सोपी आणि ठरीव भासेल. आपल्याकडे कोर्सवर्कच्या सादरीकरणात “मेकॅनिझम दाखवा” म्हणून धरून बसणारे परीक्षक मी पाहिलेत. स्लाइडवर बाण काढले नाहीत तर काम अपुरं. एबलला तिथे उभं करून हा नकार ऐकवायला आवडला असता.

दुसरी गोष्ट, आधीच्या कामाकडे बघण्याची त्यांची पद्धत. त्यांच्या आधी रॉबर्ट बुन्सेन (हो, बर्नरवाला) आणि शिश्कॉफ यांनी १८५७ साली, म्हणजे नांदूर शिंगोट्याच्याच वर्षी, दारूच्या ज्वलनाचं विश्लेषण केलं होतं. त्यांना वायू मिळाला फक्त ३१ टक्के आणि स्थायू ६८. बुन्सेन म्हणजे त्या काळचं विश्लेषणातलं सगळ्यात मोठं नाव. मग चूक कुणाची? माझ्या मते विश्लेषणात चूक नव्हतीच. बुन्सेनने दारू तापलेल्या भांड्यात थोडी थोडी सोडत, साध्या दाबाला जाळली होती. बंदुकीत ती तशी जळत नाही. त्याने मोजलं ते बरोबर मोजलं, फक्त ते बंदुकीचं उत्तर नव्हतं. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना “अमक्याचे आकडे तमक्याशी जुळत नाहीत” एवढं लिहून पुढे जाऊ नका. दोघांनी एकच गोष्ट मोजली का, हे आधी बघा.

हाच प्रश्न नोबल-एबल यांनाही विचारायला हवा. त्यांचं भांडं बंद होतं, रिव्हॉल्व्हर बंद नसतं. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये फट असते, तिथून वायू निसटतो. गोळी पुढे सरकते तसा दाब उतरतो. आणि दीड ग्रॅम दारूला चहूबाजूंनी थंड पोलाद वेढलेलं असतं, त्यामुळे उष्णता फार वेगाने जाते. त्यांच्या मनात तोफा होत्या, पिस्तुलं नव्हती. म्हणून ५७ हा आकडा रिव्हॉल्व्हरला जसाच्या तसा लावू नये. वरचा पाच ग्रॅमचा हिशोब मी दिशा दाखवण्यापुरता केला आहे. खरा आकडा बुन्सेनच्या आणि यांच्या मध्ये कुठेतरी असावा असा माझा कयास. ४१ च्या बाजूला तो सरकेल असं मानायला मात्र मला एकही कारण दिसत नाही.

आता डोळे उघडणारी गोष्ट. प्रबंधातल्या स्थायूच्या विश्लेषणात पोटॅशियम थायोसल्फेट, ज्याला तेव्हा हायपोसल्फाइट म्हणत, ते बऱ्यापैकी सापडलं आणि स्फोटाचं एक महत्त्वाचं उत्पादन म्हणून नोंदलं गेलं. जरा थांबा. थायोसल्फेट तापवलं की फुटतं. २२०० अंशांच्या भट्टीतून ते टिकून बाहेर कसं आलं? थंड होताना तयार झालं म्हणावं तर कशापासून? शंका घेणारे निघालेच. हाइनरिख डेबुसने १८८२ च्या रॉयल सोसायटीच्या बेकरियन व्याख्यानात दारूचा रासायनिक सिद्धांत नव्याने मांडला, त्यात हा मुद्दाही आहे. थायोसल्फेट स्फोटात तयार झालेलं नाही. भांडं उघडून, दगडासारखी बसलेली खपली फोडून, कुटून, विश्लेषणाला नेईपर्यंत सल्फाइडचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध आला, आणि ते तेव्हा तयार झालं. नोबल-एबल यांनी स्वतःच हवा टाळून नमुने घेतले तेव्हा त्याचं प्रमाण खूप खाली आलं.

मला यात सर्वात जास्त काय खटकतं माहितीये? पुरावा त्यांच्याच प्रबंधात होता. त्यांनीच नोंदवलंय की काढलेली खपली हवेत ठेवली की आपोआप तापू लागायची. स्थायू पदार्थ टेबलावर ठेवला आणि तो गरम व्हायला लागला, याचा अर्थ तिथे, त्या क्षणी, काहीतरी अभिक्रिया चालू आहे. त्यांनी हे पाहिलं, ऑक्सिजन शोषला जात असल्याचंही ओळखलं, इमानदारीने लिहिलं. फक्त त्या नोंदीची आणि विश्लेषणाच्या तक्त्याची गाठ घातली नाही. निरीक्षण एका प्रकरणात, निष्कर्ष दुसऱ्या प्रकरणात. तुमच्या थिसिसमध्येही ‘प्रायोगिक पद्धत’ आणि ‘निष्कर्ष’ ही वेगळी प्रकरणं असणार आहेत. सबमिशनच्या आधी एकदा शेजारी ठेवून वाचा. मिळालेला पदार्थ अभिक्रियेचा आहे की तुमच्या वर्क-अपचा, हा प्रश्न प्रत्येक पीकला विचारण्यासारखा आहे.

पण त्याचबरोबर हेही बघा की डेबुसला शंका घेता आली ती कशामुळे? त्यांनी ती तापण्याची नोंद गाळली नाही म्हणून. आज जर्नलच्या शब्दमर्यादेत ती ओळ सगळ्यात आधी उडाली असती.

डेबुसने नोबल-एबल यांचे आकडे घेऊन एक समीकरण मात्र दिलं. ते फळ्यावर एका ओळीत मावत नाही. सोळा रेणू पोटॅशियम नायट्रेट, एकवीस कार्बन, पाच गंधक. त्यातून तेरा कार्बन डायऑक्साइड, तीन कार्बन मोनॉक्साइड, पाच पोटॅशियम कार्बोनेट, एक पोटॅशियम सल्फेट, दोन पोटॅशियम डायसल्फाइड आणि आठ नायट्रोजन. वहीत उतरवा आणि अणू मोजा, जुळतंय. आता वजनं काढा. एकूण २०३०, त्यात वायू ८८०. म्हणजे ४३.४ टक्के! स्थायू ५६.६. मी पहिल्यांदा हा गुणाकार केला तेव्हा खुर्चीत सरळ बसलो होतो.

तर मग हे खरं समीकरण, ते खोटं? इतकं सरळ नाही. हे समीकरण बेतलंच आहे मोजलेल्या उत्पादनांवर, त्यामुळे ते उत्पादनांशी जुळणार हे उघड आहे. ज्या डेटावरून रेषा काढली त्याच डेटावर ती बसते म्हणून टाळ्या वाजवायच्या नसतात. खरी परीक्षा दुसऱ्या बाजूला. डावीकडची टक्केवारी काढा: सोरा ७९.७, कार्बन १२.४, गंधक ७.९. ही काही ७५, १५, १० ची दारू नव्हे. म्हणजे गंमत बघा. पुस्तकी समीकरणाची डावी बाजू दारूसारखी आहे आणि उजवी बंदुकीतल्या खपलीसारखी नाही. डेबुसच्या समीकरणाची उजवी बाजू खपलीसारखी आहे आणि डावी दारूसारखी नाही.

यातला थोडा फरक तरी कोळशामुळे आहे. समीकरणात कार्बन लिहितात, दारूत कार्बन नसतोच, कोळसा असतो. आणि कोळसा म्हणजे कार्बन नव्हे. त्यात हायड्रोजन, ऑक्सिजन, राख, ओल सगळं असतं. किती, ते लाकडावर आणि जाळण्याच्या पद्धतीवर ठरतं. इंग्लंडात विलो आणि आल्डरचा कोळसा वापरत. हिंदुस्थानात तुरीच्या काड्यांचा, म्हणजे आपल्या तुराट्यांचा. सिन्नर-येवल्याकडे शेताच्या बांधावर रचून ठेवलेल्या तुराट्या तुम्ही पाहिल्या असतील. हलक्या, पोकळ, भुसभुशीत. त्यांचा कोळसा आणि विलोचा कोळसा समीकरणात एकाच अक्षराने लिहिला जातो. सोऱ्याचंही तसंच. इंग्रजी दारूतला सोरा बराचसा बिहारमधून जायचा, तो गाळून शुद्ध करण्यावर त्यांनी खूप मेहनत घेतली. समीकरणात मेहनत दिसत नाही.

आणखी एक आकडा देऊन ठेवतो, तुम्हीच ताडून बघा. एक ग्रॅम दारूतून किती घनसेंटिमीटर वायू, शून्य अंश आणि एक वातावरणाला मोजलेला? पुस्तकी समीकरणातून सुमारे ३३२ येतो. डेबुसच्या समीकरणातून २६५. नोबल-एबल यांनी मोजला सुमारे २८०, बुन्सेनने १९३. इथे डेबुसचं समीकरणही थोडं कमी पडतं, पण पुस्तकी समीकरण भलतीकडेच आहे. ज्याने बंदूक किंवा तोफ बनवायला घेतली असती, त्याला ३३२ चा आकडा महागात पडला असता.

एबलचं पुढे काय झालं ते राहिलं. १८८९ साली त्याने जेम्स ड्यूअरबरोबर कॉर्डाइट बनवली, इंग्रजांची बिनधुराची दारू. तिच्यातून जवळजवळ सगळा वायूच निघतो, खपली उरत नाही. काळी दारू वजनाच्या निम्म्याहून जास्त स्थायू मागे टाकते, हे त्याच्याइतकं नेमकं माहीत असलेला दुसरा माणूस शोधावा लागला असता. त्याच्या पुढच्या कामाची दिशा तिथूनच ठरली असं मला म्हणायचं नाही, कारण फ्रान्समध्ये व्हिएलीने १८८४ मध्येच वाट दाखवली होती. पण १८७५ चा तक्ता वाचलेल्या माणसाला त्या खपलीची अडचण समजावून सांगावी लागली नसणार.

काही जण विचारतील, आपण हा प्रयोग करून बघायचा का? नाही. दारू बनवणं आणि बाळगणं स्फोटकांच्या कायद्यात येतं. आणि जुनं रिव्हॉल्व्हर म्हणजे आपोआप शोभेची वस्तू, हा समज चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या, कालबाह्य किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला सूट आहे, पण ते उडवता येत नसेल आणि दुरुस्तीनेही उडण्याजोगं होणार नसेल तरच. चालू स्थितीतलं टोपीचं रिव्हॉल्व्हर कायद्यासमोर रिव्हॉल्व्हरच, मग ते आजोबांच्या आजोबांचं का असेना. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, आणि निवडणुका आल्या की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या भागातला कुणी वाचत असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, बार काढल्यावर नळी कशाने धुतात आणि किती वेळात. पाण्याने, आणि त्याच दिवशी, असं उत्तर आलं तर त्यामागचं कारण आता तुम्हाला सांगता येईल.

नेमबाजांच्या सांगण्यातल्या सगळ्याच गोष्टी मात्र अशा तपासून झालेल्या नाहीत. एकच उदाहरण. कधी कधी एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जाते आणि दोन-तीन घरं एकदम उडतात. हातात रिव्हॉल्व्हर असताना ही फार वाईट गोष्ट. ठिणगी समोरून, गोळीच्या कडेने आत जाते असं मानणारे गोळीवर चरबी फासतात. ती मागून, सैल बसलेल्या टोपीखालून जाते असं मानणारे टोपीच्या मापावर जोर देतात. दोन्ही बाजूंकडे अनुभव आहेत आणि दोन्ही बाजू आपापल्या अनुभवावर ठाम आहेत. यातली अडचण ओळखा: जो चरबीही फासतो आणि टोपीही घट्ट बसवतो त्याला अपघात झाला नाही, तर श्रेय कुणाला द्यायचं? दोन चल राशी एकदम बदलल्यात. हे सोडवायचं तर एक दार बंद ठेवून दुसरं मुद्दाम उघडं ठेवावं लागेल, परवाना असलेल्या चाचणी केंद्रात, हत्यार शिकंज्यात धरून, माणूस लांब उभा करून, आणि दोन्ही बाजूंनी सारख्याच संख्येने बार काढून. प्रयोगाचा आराखडा बनवायचा सराव म्हणून हा प्रश्न घ्या. किती बार लागतील, ते आधी अंदाजा आणि कागदावर लिहून ठेवा. अपघात मुळात दुर्मीळ आहे हे धरून अंदाजा. संख्या बघून दचकाल.